एक हाड कमी

जतकडच्या बंद पडलेल्या केंद्रातला शेवटचा इमू
युरियाच्या दोन पोत्यांत, एसटीच्या टपावरून
पलूसला आमच्या प्रयोगशाळेत आला.
पाय बाहेर राहिले होते.
कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडताना विचारलं,
माणूस तर नाही ना.

बाबालाल मुजावर, प्रयोगशाळा परिचर.
तीन महिने मागच्या आवारात
उकळणं, घासणं, चुन्यात बुडवणं, वाळवणं.
पोटात निघालं ते त्याने वेगळ्या ताटलीत मांडलं:
सतरा गोटे, सायकलचा एक नट,
बांगडीची हिरवी काच, झिजून गुळगुळीत.

मग एका दुपारी दारात उभा.
"मॅडम, एक हाड कमी हाय."

कोंबडी त्याच्या हाताखालून आयुष्यभर गेलेली.
छातीच्या मधोमध उभा कणा असतो, नांगराच्या फाळासारखा,
उडायचं मांस त्यालाच धरून असतं,
हे त्याला सुरीने शिकवलं होतं.
इथे छाती सपाट.
त्याने पोती झटकली, चुन्याचा हौद उपसला,
कुत्र्यावर आळ घेतला.

मी म्हटलं, नसतंच ते.
शहामृगाला नाही, रियाला नाही, कॅसोवरीला, किवीला नाही.
सगळ्या गटाचं नावच त्यावरून पडलंय:
तळाला कणा नसलेला तराफा.
तो ते हाड उताणं धरून बघत राहिला.
"तराफा न्हवं. काहील हाय ही."

मोठ्या पुरात भिलवडीहून
गुळाच्या काहिलीत बसून
तो, त्याची आई आणि दोन शेळ्या बाहेर पडल्या होत्या.
"कणा नसला की सरळ जात न्हाई, मॅडम.
गरगर फिरती. पर बुडत न्हाई."

वीस वर्षं मी फळ्यावर एक झाड काढत आले.
बुंध्याशी न उडणारा एकच पूर्वज,
दक्षिणेचा अखंड भूखंड, मग तो फुटला,
आणि पक्षी आपापल्या तुकड्यावर बसून लांब गेले.
सोपं होतं. मुलांना पाच गुण मिळायचे.
मग कुणी मोआच्या हाडातले रेणू वाचले,
घागरभर अंडं घालणाऱ्या हत्तीपक्ष्याचे वाचले,
आणि झाड मोडलं.
मादागास्करच्या त्या धिप्पाडाची जवळची नातलग निघाली
कोंबडीएवढी किवी, समुद्रापलीकडची.
मोआच्या शेजारी येऊन बसला तिनामू,
जो अजून उडतो.
वाईट उडतो, पण उडतो.
म्हणजे पूर्वज उडत आला होता.
म्हणजे जो तो आपापल्या जमिनीवर
आपला आपण उतरला.

"एकमेकास्नी न सांगता?"
न सांगता.

कधी, हे विचारलं की माझी अडचण होते.
डायनोसोर गेले, जमीन मोकळी पडली,
दात असलेले नवे कुणी मोठे व्हायचे होते,
त्या फटीत, असा अंदाज.
त्याच सुमारास आपल्या पायाखालचा हा काळा दगड
पातळ होता, वाहत होता,
दंडोबाचा डोंगर थरावर थर चढत होता.
त्यात कुणाचं हाड उरणार?
खानदेशात शहामृगाच्या अंड्याचं कवच मिळालं,
त्यावर कुणीतरी तिरप्या रेघा ओढलेल्या.
ते माणसांच्या काळातलं. कालचंच म्हणायचं.
आमच्याकडे खणलं तर पाणी लागतं,
जतकडे तेही नाही.

पंख जोडायला त्याने मोटारीची तांब्याची तार आणली.
बोटाएवढी हाडं, टोकाला एक नख.
मोआला एवढंही उरलं नव्हतं, मी सांगितलं.
"मग ह्यो अजून सोडत हाय," तो म्हणाला
आणि तार पिळली.

नोंदवहीत त्याचं अक्षर:
इमू, नर, एक. हाड कमी, एक.
ते त्याने खोडलं नाही.
पुढे तेवढं लिहिलं, हरवलेलं नाही.

सायकलचा नट मात्र मागून नेला.
झिजलाय, म्हणाला,
पण मागच्या चाकाला बसतो.